रिकामे करणारे क्रियापद

पुण्यात मी बरीच वर्षे जर्मन शिकवते आहे. पूर्वी गटेसाठी किंवा ब्रेश्टसाठी येणारे काहीजण असत. आता वर्गात बसतात ती नर्सिंगच्या नाहीतर हॉटेलच्या कामासाठी जर्मनीला निघालेली मुलेमुली. त्यांना उपयोगी पडावे म्हणून मी इस्पितळातली सूचनापत्रके वाचायला घेते. अशाच एका तासाला आग लागल्यास काय करावे याचे पत्रक चालले होते. वरच्या ओळीत इमारतीला 'एव्हाकुईरेन' करावे असे होते आणि खाली रुग्णांना 'एव्हाकुईरेन' करावे असे. लातूरकडची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, हे नक्की कोणाला करायचं? तुम्ही अर्थ दिलाय 'रिकामं करणे'. बिल्डिंग रिकामी करता येईल. पेशंटला रिकामं कसं करणार?"

वर्ग हसला, मीही हसले. "दोन्ही चालतं, शब्दकोशात दोन्ही आहे," असे सांगून मी पुढच्या ओळीवर गेले. उत्तर चूक नव्हते. परंतु त्याच आठवड्यात घरी माझ्या टेबलावर एक पंधरा पानी जर्मन टिपण भाषांतरासाठी पडले होते. आमच्या अभ्यासमंडळात ते वाचायचे ठरले होते, आणि मी नेमकी याच क्रियापदाशी अडले होते. त्या मुलीने सहज विचारलेला प्रश्न त्या टिपणाच्या मुळाशी जाणारा होता, हे मला रात्री कळले.

आधी शब्दाचे कूळ पाहू. लॅटिनमध्ये 'वाकुउस' म्हणजे रिकामा. त्याला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'एवाकुआरे' झाले : आतले बाहेर काढून पोकळ करणे. वैद्यांनी ते पोट साफ करण्यासाठी वापरले, सेनापतींनी किल्ला किंवा शहर सोडून सैन्य बाहेर काढण्यासाठी. पदार्थविज्ञानात ते अजूनही मूळ अर्थाला धरून आहे. माग्डेबुर्गच्या ओटो फोन गेरिके यांनी सतराव्या शतकात तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे जुंपूनही ते सुटेनात, ही गोष्ट शाळेत आपण सर्वांनी वाचली आहे. त्या गोलातली हवा काढण्याच्या क्रियेला आजचा जर्मन तंत्रज्ञ 'एव्हाकुईरेन'च म्हणतो. या सगळ्या वापरांत एक गोष्ट समान आहे. कर्म म्हणजे भांडे : पोट, किल्ला, गोल. रिकामे होते ते भांडे. आत जे होते त्याचे पुढे काय झाले, याची क्रियापदाला फिकीर नाही.

आता त्याचे शेपूट. जर्मनमध्ये 'ईरेन'ने संपणाऱ्या क्रियापदांची एक मोठी जमात आहे. बाराव्या शतकात फ्रेंच सरदारांच्या रीतिभाती जर्मन दरबारांत आल्या, त्यांबरोबर 'इए' हा फ्रेंच प्रत्यय आला आणि जर्मनांनी त्याला आपले 'एन' जोडून घेतले. तेराव्या शतकाच्या आरंभी वोल्फ्राम फोन एशेनबाखच्या 'पार्त्सिव्हाल'मधले सरदार भाला रोखून परस्परांवर घोडे घालतात तेही अशाच क्रियापदाने. पुढे हा प्रत्यय इतका रुळला की अस्सल जर्मन शब्दांनाही लागला : अर्धे करणे म्हणजे 'हाल्बीरेन', अक्षरे लावणे म्हणजे 'बुखश्टाबीरेन'. फिरायला जाणे, दाढी करणे, शिकणे हीदेखील याच जमातीतली. म्हणजे ही सगळी क्रियापदे काही भारदस्त नव्हेत. तरीही त्यांच्यावरचा शिक्का पुसला गेलेला नाही. जर्मन क्रियापदाचा भूतकाळ करताना पुढे 'गे' लागतो. 'माखेन'चे 'गेमाख्ट' होते. हा 'गे' पहिल्या अक्षरावर आघात असलेल्या शब्दांनाच बसतो, आणि 'ईरेन'वाल्यांचा आघात शेवटाकडे, म्हणून त्यांना तो नाही. आठशे वर्षे घरात राहूनही या पाहुण्यांचे ताट वेगळेच!

मराठीचे याहून निराळे आहे. फर्मावणे, गुजरणे, नवाजणे, बदलणे, खर्चणे ही क्रियापदे फारसी-अरबीतून आली आणि आमच्या व्याकरणात अशी मिसळली की 'बदललं' म्हणताना कोणाला बगदाद आठवत नाही. अर्थात आपल्याकडेही शुद्धीकरणाची हौस जुनी आहे. शिवकालातला 'राज्यव्यवहारकोश' आणि सावरकरांची भाषाशुद्धी यांची आठवण वाचकांना करून द्यायला नको. जर्मनांची ही हौस आपल्याइतकीच जुनी आणि आपल्याहून अधिक संघटित होती. १६१७ साली वायमारमध्ये भाषेसाठी एक मंडळ स्थापन झाले. एकोणिसाव्या शतकात हाइन्रिश श्टेफान यांनी टपालखात्यातले शेकडो फ्रेंच शब्द बदलले, ओटो साराझिन यांनी रेल्वेतले. प्लॅटफॉर्म, तिकीट आणि डबा यांना आज प्रत्येक जर्मन माणूस जे शब्द वापरतो ते या चळवळीची देणगी. १८८५ पासून तर सर्व जर्मन प्रदेशांत शाखा असलेला भाषासंघच काम करू लागला.

या चळवळीतला सर्वांत तिखट माणूस एडुआर्ड एंगेल. जन्म १८५१. संसदेत लघुलेखक म्हणून नोकरी केली, वाङ्मयेतिहास लिहिले आणि १९११ साली जर्मन गद्यशैलीवर एक ग्रंथ काढला, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. परक्या शब्दांवर त्याचा राग विलक्षण. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लेखकाला जे स्पष्ट सांगायचे नसते किंवा त्यालाच नीट कळलेले नसते, ते तो परक्या शब्दामागे दडवतो. 'ईरेन'वाल्यांना तो भाषेत घुसलेली कीड समजे. अतिरेकी माणूस होता, आणि वाचताना मला पुष्कळदा त्याचा कंटाळाही येतो. पण हा जर्मनचा कट्टर अभिमानी जन्माने ज्यू होता. १९३३ नंतर त्याचे लेखन छापणे बंद झाले, आणि १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये, सिनेगॉग जाळली गेली त्याच महिन्यात, तो पॉट्सडामजवळ वारला. युद्धकाळात लुडविग राइनर्स या लेखकाचा शैलीवरचा ग्रंथ निघाला आणि पुढे घराघरांत गेला. त्यातला किती मजकूर एंगेलचा उचललेला होता हे अभ्यासकांनी नंतर ओळीला ओळ लावून दाखवले.

राष्ट्राभिमानाचा एवढा गजर करणाऱ्या नाझींनी परके शब्द हाकलले असतील, असे वाटणे साहजिक आहे. भाषासंघालाही तसे वाटले होते. १९३३ साली त्यांना आपले दिवस आले असेच वाटले. पण हिटलरला स्वतःला भरघोस परके शब्द आवडत. नोव्हेंबर १९४० मध्ये शिक्षणमंत्री रुस्ट यांनी कळवून टाकले की रुळलेल्या परक्या शब्दांचे जबरदस्तीने केलेले जर्मनीकरण फ्यूररला नको आहे. चळवळ तिथे जवळजवळ संपली.

हे का झाले असावे याचे उत्तर व्हिक्टर क्लेम्परर यांनी दिले आहे. ते ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात रोमान्स वाङ्मयाचे प्राध्यापक. ज्यू म्हणून १९३५ मध्ये नोकरी गेली, पुढे ग्रंथालयाची दारे बंद झाली, तेव्हा कानावर पडेल ती भाषा टिपून ठेवणे हेच त्यांनी आपले संशोधन केले. १९४७ साली त्यांचे 'एलटीआय' हे पुस्तक आले. नाझींना परका शब्द का हवा असतो, याविषयी त्यांचे निरीक्षण असे की 'बदनाम करणे' याला साधा जर्मन शब्द असताना लॅटिनमधून आलेले 'डिफामीरेन' अधिक दबदब्याचे वाटते. आणि ऐकणाऱ्याला ते कळले नाही तर त्याच्यावर त्याचा परिणाम उलट जास्तच होतो. एंगेल आणि क्लेम्परर या दोघांचे एकमेकांशी जमले असते की नाही कोण जाणे, पण बोट दोघांनी एकाच जागी ठेवले आहे.

आता माझ्या टेबलावरच्या त्या पंधरा पानांकडे येते. बर्लिनच्या वानझे तळ्याकाठच्या बंगल्यात २० जानेवारी १९४२ रोजी एक बैठक झाली. अध्यक्ष राइनहार्ड हाइड्रिश. वेगवेगळ्या खात्यांचे आणि एसएसचे मिळून पंधरा जण, त्यांतले निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले. वेळ सुमारे दीड तास. टिपण आइशमानने तयार केले. त्याच्या तीस प्रती निघाल्या. सापडली ती एकच, परराष्ट्र खात्याकडची सोळावी. युद्धानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यांच्या वकिलांना ती फायलींत मिळाली. युरोपातल्या एक कोटी दहा लाख ज्यूंची देशवार यादी त्यात आहे. 'मारणे' या अर्थाचे क्रियापद मात्र पंधरा पानांत कोठेही नाही.

जे आहे ते असे. आतापर्यंत ज्यूंनी देश सोडून जाणे हा मार्ग होता. त्याच्या जागी आता, फ्यूररच्या पूर्वपरवानगीने, त्यांचे पूर्वेकडे 'एव्हाकुईरुंग' हा मार्ग आला आहे. 'एव्हाकुईरेन' झालेल्यांना गाडीमागून गाडी आधी तात्पुरत्या वस्त्यांत नेले जाईल आणि तिथून आणखी पूर्वेला. आणि माझी लेखणी अडली ते वाक्य : पासष्ट वर्षांवरील ज्यूंना 'एव्हाकुईरेन' करायचे नाही, त्यांना वृद्धांसाठीच्या वस्तीत, टेरेझीनश्टाट येथे, पाठवायचे आहे. हे वाक्य दोनदा वाचावे. त्या वृद्धांनाही घरातून काढून गाडीतून परगावी नेलेच जाणार आहे. तरी ते 'एव्हाकुईरेन' नव्हे. मग या शब्दाचा अर्थ 'हलवणे' असा उरतच नाही. म्हातारी माणसे वगळली की ज्याला अर्थ राहतो, ती क्रिया कोणती हे त्या टेबलाभोवतीच्या पंधराही जणांना ठाऊक होते. आइशमानने १९६१ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयात कबूल केले की बैठकीत मारण्याविषयी उघड बोलणे झाले होते. ते सरकारी भाषेत बसवणे हे त्याचे काम होते.

इथे त्या लातूरच्या मुलीचा प्रश्न येतो. क्रियापदाचे कर्म बदलले आहे. पूर्वी शहर रिकामे होत असे, आता माणसे 'रिकामी' होतात. जर्मन कानाला यात खटकत नाही, कारण 'वाकुउस' त्याला ऐकूच येत नाही. 'रॉयमेन' या देशी क्रियापदाला कर्म म्हणून माणूस दिला असता तर शाळकरी पोरालाही वाक्य चुकले आहे असे वाटले असते. परक्या धातूची ही सोय आहे : त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून आतले बदलता येते. शिवाय वाक्ये बहुतेक कर्मणी. करणारा कोण ते सांगावे लागत नाही. पहिल्या महायुद्धापासूनच हे क्रियापद सीमेवरच्या रहिवाशांसाठी वापरले जाई, तेव्हा हा कर्मबदल नाझींचा शोध नव्हे. त्यांनी फक्त माणसाला सुरक्षित जागी नेण्याचा जो अर्थ त्यात भरला गेला होता, तो काढून घेतला.

त्यांनी स्वतःच्या लोकांसाठी हा शब्द वापरायला काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १९४० च्या शरदात बाँबहल्ल्यांच्या भीतीने बर्लिन-हाम्बुर्गची मुले खेड्यांत पाठवायची ठरली. पक्षाच्या गोपनीय परिपत्रकात बोरमानने बजावले की याला 'एव्हाकुईरुंग' म्हणायचे नाही, ही शहरी मुलांना गावी धाडण्याची योजना आहे. शब्द ऐकून आईबाप घाबरतील! पुढे बाँबमुळे बेघर झालेल्यांसाठीही बिऱ्हाड बदलण्याचा अर्थ असलेला देशी शब्द पुढे केला गेला. म्हणजे ज्या शब्दाने आपली माणसे घाबरतात तो इतरांसाठी राखून ठेवला.

पण एंगेलची बाजू घेऊन 'पाहा, परक्या शब्दाचा हा परिणाम' असे मला म्हणता येत नाही. 'विशेष वागणूक', 'अंतिम उपाय', 'पुनर्वसाहत' हे अर्थ देणारे अस्सल जर्मन शब्द त्याच फायलींत तेच काम करत होते. उलट १९४३ मध्ये कोरहेर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हिमलरला जो अहवाल दिला त्यातला 'विशेष वागणूक' हा देशी शब्द हिमलरने काढायला लावला आणि त्या जागी 'ट्रान्स्पोर्टीरुंग' घातला. तो जुना शब्द झिजून आतले दिसू लागले होते. त्याच अहवालात ज्यूंच्या 'एव्हाकुईरुंग'वर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्या शब्दाला मात्र कोणी हात लावला नाही. एकदाच झाकण उघडले. ४ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझेन येथे एसएसच्या वरिष्ठांपुढे बोलताना हिमलरने 'ज्यूंचे एव्हाकुईरुंग' म्हटले आणि लगेच, जणू शब्दार्थ सांगावा तसे, ज्यू लोकांचा निःपात असे म्हटले. ते भाषण ध्वनिमुद्रित झाले होते. ती नोंद उपलब्ध आहे.

कायद्यातही या शब्दाला एक जोड होती. नोव्हेंबर १९४१ च्या एका आदेशाने, जो ज्यू देशाबाहेर वास्तव्य करील त्याचे नागरिकत्व आपोआप जाईल आणि मालमत्ता सरकारजमा होईल, असे ठरले. सीमा ओलांडणाऱ्या गाडीत ज्याला कोंडले, तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी राहायला गेलेला माणूस. क्रियापद कर्मणी आणि आदेश कर्तरी. मागे राहिलेले घर मात्र खरोखर रिकामे होत असे, आणि त्यातल्या कपाटांचा लिलाव होई. मूळ लॅटिन अर्थ इथे पुरा झाला असे म्हणायला हवे.

युद्ध संपल्यावर हा शब्द कलंकित ठरून बाजूला पडला असेल, अशी माझी समजूत होती. डोल्फ श्टेर्नबेर्गर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी युद्धानंतर लगेच 'अमानुषाचा शब्दकोश' लिहायला घेतला होता. माणसाला निव्वळ कर्म करून टाकणाऱ्या क्रियापदांवर त्यांचा रोख होता. पुढे १९६० मध्ये हेर्बर्ट कोल्ब यांनी भाषा अमानुष होते की बोलणारा, असा उलट सवाल करून त्यांच्याशी वाद घातला. वाद वाचनीय आहे, पण सरकारी दप्तर कोणाच्या वादासाठी थांबत नाही. १९५३ च्या जुलैमध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेने 'एव्हाकुईर्टें'साठी कायदा केला. त्यात हा शब्द कोणासाठी? बाँबहल्ल्यांमुळे आपले शहर सोडावे लागलेल्या जर्मन नागरिकांसाठी. त्यांना परत येण्याला मदत मिळावी म्हणून. वानझेनंतर साडेअकरा वर्षांत शब्दाचा मालक बदलला. ज्यांना युद्धकाळात हा शब्द ऐकू दिला गेला नव्हता त्यांना तो हक्काने मिळाला, आणि ज्यांच्यासाठी तो वापरला होता त्यांतले परत यायला फारच थोडे उरले होते. कायद्याचे उद्दिष्ट योग्यच होते. तरी तो मजकूर वाचताना मला काही काळ पुढे वाचवेना.

आज हे क्रियापद बातम्यांत रोजचे आहे. जर्मन शहरांखाली त्या युद्धातले न फुटलेले बाँब अजून निघतात. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्रँकफुर्टला जवळपास दोन टनांचा ब्रिटिश बाँब निकामी करण्यासाठी सुमारे साठ हजार माणसांना एक दिवस घराबाहेर काढले. सगळी वृत्तपत्रे 'एव्हाकुईर्ट' म्हणत होती. माणसे संध्याकाळी घरी परतली. काही चोखंदळ अजून तक्रार करतात की इमारत एव्हाकुईरेन करता येते, माणूस नव्हे. त्यांचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकावे असा माझाही आग्रह नाही.

बर्लिनला गेले तेव्हा मी ग्रूनेवाल्ड स्थानकाचा सतरा नंबरचा फलाट पाहिला. १८ ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनच्या ज्यूंच्या गाड्या सुटू लागल्या, त्यांतल्या पुष्कळ इथून. जर्मन रेल्वेने १९९८ मध्ये तिथे १८६ लोखंडी पट्ट्या बसवल्या. फलाटाच्या कडेने आपण चालत जातो आणि पायाखाली वाचत जातो : तारीख, किती ज्यू, कोठून, कोठे. बर्लिन ते लोज. बर्लिन ते रिगा. बर्लिन ते आउश्विट्झ. कोणत्याही पट्टीवर क्रियापद नाही. ज्याने तो मजकूर ठरवला त्याने याचा विचार केला असेलच असे नाही. पाट्यांवर क्रियापदे नसतातच. मी मात्र व्याकरण शिकवणारी बाई, मी शेवटपर्यंत क्रियापद शोधत चालले.

भाषांतराचा प्रश्न उरलाच होता. 'हद्दपारी' लिहिले तर मी खरे सांगते, पण आइशमानचे खोटे बोलणे पुसून टाकते. त्याने जे झाकले ते झाकलेले दिसायला हवे. 'रिकामे करणे' मूळ धातूला धरून, पण मराठीत ते वाक्य वेड्यासारखे दिसते. आजोळचा शब्दही आठवला. आजीचे गाव धरणात गेले, ती सांगताना म्हणे, "आमचं गाव उठलं." उठवणारा कोण हे त्याही वाक्यात नाही. परंतु उठलेल्याने स्वतःविषयी बोललेले ते वाक्य आहे, त्यात चुलीचा धूर आहे. वानझेच्या कागदावर ते ठेवायला माझा हात धजेना.

शेवटी मी कर्मणीचा आधार घेतला, तोही आपल्याकडच्याच. 'सदर व्यक्तींना पूर्वेकडे स्थलांतरित करण्यात येईल. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना स्थलांतरित करण्यात येणार नाही. त्यांना वृद्ध-वसाहतीत पाठविण्यात येईल.' अभ्यासमंडळात हे वाचून झाले तेव्हा महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक सभासद चष्मा काढून म्हणाले, "बाई, भाषांतर वाटतच नाही हो. असा मसुदा मी कितीदा केला असेल."

त्यांनी ते कौतुकाने म्हटले होते. मी ते पान तसेच ठेवले आहे.